पाण्याला मीटर आहे, घरपट्टीला काय आहे?

कराडशेजारच्या आमच्या मलकापूरची ओळख बाहेरगावच्या माणसाला करून द्यायची झाली, तर दोन गोष्टी पुरतात. एक कृष्णा हॉस्पिटल आणि दुसरी चोवीस तास पाणी. ग्रामपंचायतीची २००८ मध्ये नगरपंचायत झाली, पुढे नगरपरिषद झाली. त्या सुरुवातीच्याच काळात नळाला मीटर बसवून दिवसरात्र पाणी देण्याची योजना इथे उभी राहिली आणि ती बघायला लांबून माणसे आली. या योजनेचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला तिच्यातली एक साधी गोष्ट मोलाची वाटते. बिल जास्त वाटले तर बाई दारात जाऊन मीटर बघते. आकडा तिच्याही डोळ्यांसमोर असतो आणि नगरपरिषदेच्याही. भांडण झालेच तर ते आकड्यावर होते, माणसावर होत नाही.

घरपट्टीचे तसे नाही. घराला मीटर बसवता येत नाही. घराचे मोल कुणीतरी ठरवते. कुणी फूटपट्टी घेऊन येतो, कुणी फॉर्म भरतो, कुणी त्या फॉर्मवरून आकडा काढतो. आपल्याला तो चुकीचा वाटला तर आपण हरकत घेतो आणि कुणीतरी ती ऐकून निकाल देते. म्हणजे इथे मीटरचे काम माणूस करतो. मग हा माणूस तयार केलेला आहे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. आपल्यापैकी बहुतेकांनी घरपट्टीच्या पावतीची मागची बाजू कधी वाचलेली नसते. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या कायद्याने चालतात. घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, हा आकारणीचा जुना पाया आहे. या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर ठरलेल्या टक्केवारीने कर, आणि त्याला जोडून शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर असे बाकीचे कर.

समजण्यापुरते आकडे घेऊ. घर ५० चौरस मीटरचे आहे. दर चौरस मीटरला महिना २० रुपये धरला, तर महिन्याला १००० आणि वर्षाला १२,००० रुपये भाडेमूल्य झाले. १० टक्के वजा जाता १०,८०० उरले. कर २५ टक्के धरला तर २,७०० रुपये. आता हेच घर जुन्या विटांच्या भिंतींचे आणि वर पत्रा असलेले आहे, पण फॉर्मवर ‘आरसीसी’ असे लिहिले गेले, असे समजा. त्याचा खरा दर २० ऐवजी १२ रुपये असायला हवा होता. तसा हिशेब केला तर कर १,६२० रुपये येतो. फरक वर्षाला १,०८० रुपयांचा. आकारणी चार वर्षांनी बदलते, म्हणून तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. चार वर्षांत हा फरक ४,३२० रुपयांवर जातो. एका शब्दाच्या चुकीची ही किंमत आहे. ज्याच्या घरी महिन्याला पगार येतो त्याला ती जाणवणार नाही. गाडीवर भाजी विकणाऱ्याला, शिलाईवर घर चालवणाऱ्या विधवेला जाणवते. आणि पैसे भरले नाहीत तर थकलेल्या रकमेवर महिना २ टक्के शास्ती चढत राहते.

चूक उलट्या बाजूनेही होते. आठ खोल्या भाड्याने दिलेल्या तीन मजली इमारतीची नोंद ‘स्वतःच्या राहण्यासाठी’ अशी राहिली, तर तिथे कमी पडलेले पैसे शेवटी बाकीच्या गावाच्या रस्त्या-गटारीतून कमी होतात. मलकापूर आणि आगाशिवनगरात कॉलेजची मुले, रुग्णांचे नातेवाईक, परिचारिका अशी भाडेकरूंची वर्दळ बारा महिने असते. अशा गावात भाड्याची आणि राहती जागा ओळखणे हे आकारणीतले निम्मे काम आहे.

चूक दुरुस्त करण्याच्या पायऱ्या कायद्याने दिल्या आहेत. पाहणी होते, यादी तयार होते, नगररचना खात्याचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी तिच्यावर नजर ठेवतो, यादी लोकांना बघण्यासाठी खुली होते, मुदतीत हरकती येतात, सुनावणी होते. त्यावरही समाधान झाले नाही तर अपील समिती असते. या समितीत सरकारी अधिकारी असतात आणि नगरपरिषदेतले निवडून आलेले पदाधिकारीही असतात. रचना चांगली आहे. अधिकाऱ्याला नियम माहीत असतो, निवडून आलेल्याला गल्ली माहीत असते. दोघे एकत्र बसले तर न्याय व्हायला हरकत नाही.

पण या समितीवर माणूस येतो तो पदामुळे. पद मिळाले की खुर्ची मिळते. खुर्चीवर बसण्याआधी हा हिशेब शिकलाच पाहिजे, अशी अट कायद्याने घातलेली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. अनेक ठिकाणी कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती असलेला कारभार पुन्हा लोकांनी निवडलेल्या माणसांकडे आला. त्यांतले पुष्कळजण पहिल्यांदाच सभागृहात आले आहेत. उद्या त्यांच्यापैकी कुणी अपील ऐकायला बसेल. समोर कागद येईल: करयोग्य मूल्य, घसारा, चटई क्षेत्र, भोगवटादार. यातला एकही शब्द प्रचाराच्या सभेत आलेला नसतो. त्या माणसाचा यात दोष नाही. त्याला कुणी शिकवलेच नाही.

मग काय होते? न समजणारा सदस्य दोनच गोष्टी करू शकतो. अधिकारी म्हणेल त्यावर सही करायची, किंवा ओळखीच्या माणसाचा कर ‘थोडा कमी करा हो’ म्हणायचे. पहिल्यात अपिलाला अर्थ उरत नाही. दुसऱ्यात ज्याची ओळख नाही तो मारला जातो. आपल्या मोहल्ल्यात दुसऱ्या प्रकारची भीती जास्त, म्हणून लोक हरकतच घेत नाहीत. ‘आपलं कोण ऐकणार’ म्हणत एजंटाच्या हातावर काही ठेवतात आणि गप्प बसतात.

सदस्याला काय काय माहीत असायला हवे, याचे थोडे नमुने देतो. सातारा जिल्हा सैनिकांचा. घरोघरी निवृत्त जवान आहेत, आपल्या समाजातही आहेत. राज्य सरकारने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी शहरी भागात एका घराच्या मालमत्ता करातून माफीची योजना आणली. समोर बसलेली वीरपत्नी ही माफी मागायला आलेली नसेल, तिला ती ठाऊकच नसेल, तर सांगायचे कुणी? ज्याला माहीत आहे त्यानेच ना?

दुसरा नमुना प्रार्थनास्थळांचा. मशीद असो, मंदिर असो, त्यातला इबादतीचा, पूजेचा भाग वेगळा आणि त्याच इमारतीत रस्त्याच्या बाजूला काढलेले भाड्याचे गाळे वेगळे. पहिल्याला सूट मिळते म्हणून दुसऱ्याला मिळत नाही, आणि दुसऱ्यावर कर आहे म्हणून पहिल्यावर लावता येत नाही. हा फरक न कळल्याने कागदावरचा साधा प्रश्न गावात धर्माचा प्रश्न होऊन बसतो. शिकलेला सदस्य तो दहा मिनिटांत कागदावर परत आणू शकतो.

तिसरा नमुना वारसांचा. वडील गेले, घरपट्टीला नाव त्यांचेच, राहतात तीन भाऊ आणि एक बहीण. एक भाऊ म्हणतो, पट्टी मी भरतो, म्हणून घर माझे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे सदस्याला ठाऊक नसेल तर सुनावणीत तोंडून गेलेल्या एका वाक्यावर बहिणीचा हिस्सा अडकून पडतो. तसेच विनापरवाना बांधकामाचे. त्यावर कर लागतो, शास्ती लागते, पण कर भरला म्हणून ते बांधकाम अधिकृत होत नाही. हे न सांगता पैसे भरून घेतले की माणूस समजतो, आपले काम झाले. पुढे नोटीस आली की रडतो.

मी शिक्षक आहे. प्रशिक्षण हा शब्द आमच्या पेशात रोजचा. बीएड केल्याशिवाय हायस्कूलच्या वर्गावर उभे राहता येत नाही. निवडणुकीची ड्यूटी लागली की पाच निवडणुका केलेल्या केंद्राध्यक्षालाही प्रशिक्षणाला जावेच लागते. गैरहजर राहिला तर खुलासा द्यावा लागतो. एका दिवसाच्या मतदानासाठी एवढी तयारी. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरली आहेत अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला हवे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. त्या निकालावर शिक्षकांमध्ये अजून चर्चा आणि चिंता आहे. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षा द्यायला सांगणारा समाज, लोकांच्या घराचे मोल ठरवणाऱ्याला एक दिवसाचा वर्गही सक्तीचा करत नाही, हे तराजूत बसत नाही.

आणि ही काही नवी मागणी नाही. आपल्याच मातीत तिची मुळे आहेत. मलिक अंबर हे नाव आपण खडकी शहरासाठी आणि नहरीसाठी घेतो. शेतकऱ्यांच्या आठवणीत तो राहिला तो ‘मलिकंबरी धाऱ्या’साठी. गावची वसुली मक्त्याने देऊन टाकण्याऐवजी जमीन पाहून, तिचा कस ठरवून सारा बांधायचा, ही त्याची रीत होती. पुढे स्वराज्यात अण्णाजी दत्तोंनी काठीने जमीन मोजून घेतली. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच: आधी माप, मग मागणी.

मापणारा तयार नसला की काय होते, याचा धडा इंग्रजांना पुणे जिल्ह्यात मिळाला. १८२० च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनींची मोठी पाहणी केली. कागदावर पद्धत फार शास्त्रीय होती. पण मोजणी आणि प्रतवारी करणारी खालची माणसे कच्ची, आणि काही लाचखाऊ निघाली. १८३० च्या सुमारास तो सारा लागू झाल्यावर लोकांना तो झेपेना, शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. शेवटी १८३५ पासून इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना सगळे नव्याने मोजावे लागले. सूत्र बरोबर असून भागत नाही, ते वापरणारा हात शिकलेला लागतो.

आपल्या दीनी इतिहासातही हेच दिसते. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत इराकच्या सवाद भागातल्या जमिनींची आकारणी करायची होती. त्यांनी या कामाची समज असलेल्या हजरत उस्मान बिन हुनैफ यांना पाठवले, सोबत हजरत हुजैफा यांनाही जबाबदारी दिली. पुढे दोघांना त्यांनी मुद्दाम विचारले, की जमिनीला झेपणार नाही एवढा बोजा तर तुम्ही टाकला नाही ना. नेमणूक करताना माणसाची समज पाहिली आणि काम झाल्यावर हिशेब मागितला. इमाम अबू यूसुफ यांनी खलिफा हारून रशीदसाठी ‘किताबुल खराज’ लिहिले, ते याच विषयावर. कराचा विषय दुनियादारीचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. आपल्या बुजुर्गांनी तो इन्साफचा विषय मानला होता.

आजच्या काळातही हे जगात चालते. अमेरिकेत टेक्सास राज्यात घराच्या मूल्यावरच्या तक्रारी ऐकायला नागरिकांची मंडळे असतात. राज्याने ठरवलेले प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय सदस्याला सुनावणीत बसता येत नाही. मिनेसोटा राज्याने आणखी सोपी वाट काढली आहे. स्थानिक मंडळाच्या बैठकीत गेल्या चार वर्षांत प्रशिक्षण घेतलेला निदान एक सदस्य हजर असलाच पाहिजे. तसा नसेल तर अपील ऐकण्याचा अधिकार त्या मंडळाकडून वरच्या म्हणजे काउंटीच्या मंडळाकडे जातो. खुर्ची टिकवायची तर शिका, असा सरळ व्यवहार. लहान गावांना हीच पद्धत जास्त मानवेल असे मला वाटते.

यावर लोक काय म्हणतील तेही माहीत आहे. पहिला आक्षेप असा, की प्रशिक्षण म्हणजे चहा, समोसा, दोन भाषणे आणि एक प्रमाणपत्र. शिक्षक म्हणून हा आक्षेप मी हसत मान्य करतो, अशी प्रशिक्षणे आम्ही पुष्कळ बसून काढली आहेत. म्हणून भाषणे नकोत. दहा खऱ्या प्रकरणांचे कागद नावे झाकून समोर ठेवावेत, सदस्याने स्वतः हिशेब करावा, निकाल दोन ओळींत लिहावा आणि तो का चुकला ते त्याला सांगावे. एक दिवस पुरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शिकवणार कोण? कर वाढवण्यात ज्यांचा फायदा आहे त्या खात्यानेच शिकवले, तर सदस्य वसुलीच्या बाजूचे होऊन बसतील. ही भीती खरी आहे. म्हणून शिकवणारे त्या नगरपरिषदेच्या बाहेरचे हवेत. पुण्यात यशदा आहे, मुंबईत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून याच क्षेत्रात काम करते. माणसे आहेत, अभ्यासक्रम बांधता येतील. सक्तीचा एक नियम हवा.

तिसरा आक्षेप असा, की लोकांनी निवडून दिले, मग परीक्षा कसली? निवडून येण्यासाठी अट घालू नये, हे मलाही मान्य आहे. निरक्षर बाई नगरसेविका झाली तर तो लोकशाहीचा विजय आहे. पण सभागृहात गावाचे म्हणणे मांडणे वेगळे आणि समितीत बसून दुसऱ्याच्या घरावर निकाल देणे वेगळे. दुसरे काम न्यायाचे आहे. वाचता येत नसेल तर तिला तोंडी शिकवा, चित्रे काढून शिकवा. बाजारहाट करणाऱ्या बाईला १० टक्के वजावट समजायला पदवी लागत नाही. शिकवण्याची जबाबदारी सरकारची आहे, तिला बाहेर ठेवण्याची पळवाट कुणाला मिळता कामा नये.

माझी मागणी चार ओळींची आहे. हरकत किंवा अपील ऐकणाऱ्या प्रत्येक सदस्याने पहिल्या सुनावणीआधी प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे, आणि दर चतुर्थ वार्षिक आकारणीच्या आधी ते पुन्हा व्हावे. कोणी ते घेतले आणि कोणी नाही, याची यादी नगरपरिषदेच्या फलकावर लागावी. निकाल कारणासह आणि समजेल अशा मराठीत लेखी मिळावा. आणि प्रशिक्षणाची पुस्तिका लोकांनाही खुली असावी, म्हणजे समोरच्या खुर्चीत बसलेल्याला जेवढे ठाऊक तेवढेच आपल्यालाही ठाऊक असेल.

या शेवटच्या गोष्टीत आपलेही काम आहे. आपल्या कित्येक घरांत उर्दूत शिकलेल्या आई-खाला आहेत. मराठी नोटीस हातात पडली की त्या घाबरतात. त्यांना सांगायला हवे, की या कागदातले अर्धे शब्द तुमचेच आहेत. मालमत्ता म्हणजे माल आणि मताअ. मुदत, हरकत, रक्कम, वसुली, बाकी, जप्ती, इमारत हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. उरलेले पाच-सात शब्द एका संध्याकाळी समजावून देता येतात. जुम्मानंतर अर्धा तास, बचत गटाच्या बैठकीत अर्धा तास एवढे पुरे. आपापली पावती सोबत आणायची आणि तीन गोष्टी तपासायच्या: क्षेत्रफळ बरोबर आहे का, बांधकामाचा प्रकार बरोबर आहे का, वापर बरोबर लिहिला आहे का. भाडे घेत असाल आणि कागदावर ‘स्वतःसाठी’ लिहिले असेल तर तेही दुरुस्त करून घ्यायचे. हक मागणाऱ्याने आधी स्वतःचे माप पुरे द्यावे, मापात मारणाऱ्यांना आपल्या दीनमध्ये किती कडक शब्दांत बजावले आहे ते आपण जाणतो.

नवे नगरसेवक आता कामाला लागले आहेत. पुढची आकारणी येईल तेव्हा धावपळ होईल, मग कुणाला शिकायला वेळ नसेल. आपल्या प्रभागाचा सदस्य भेटला की गटार, दिवा, रस्ता यांच्या यादीत आणखी एक प्रश्न घालू या: ‘साहेब, घरपट्टीची सुनावणी घ्यायला बसणार असाल तर हिशेब शिकून घेतलात का?’ विचारताना आवाज चढवायची गरज नाही. चार घरांतून हाच प्रश्न गेला की उत्तर शोधणे त्यांना भाग पडेल.